आतलीची जागा

१

आमच्या ह्यांनी 'दार' ह्या एका शब्दावर लेख लिहायला घेतला, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं बाई, निदान दुपारचं घोरणं तरी थांबेल. अंबरनाथच्या कारखान्यात सारी उमर स्टोअर्सचे ऑफिसर म्हणून काढली आणि रिटायर झाल्यावर माणूस घरात नुसता इकडून तिकडे. लोकांचे विष्णुपंत, माझ्या डोक्याला ताप. वाचनाचा नाद पहिल्यापासून होता, पण आता डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग काढू. तोवर वाचायचं कुणी? मी. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, पोथी खणखणीत वाचते, एवढीच माझी चूक.

शिवमंदिराच्या रस्त्याला आमचं बैठं घर आहे. पुढची खोली, मधली, स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीला लागून एक अंधारी आतली खोली. खिडकी नाही, दार तेवढं एक. ते दारही आम्ही बसवलं होतं, त्याच्या आदल्याच वर्षी उल्हासनगरच्या कॅम्पातून आणून. मिलिटरीच्या बराकी मोडून तिथे लाकूड विकायचे. "साईं, एकदम पक्का माल," असं त्या सिंध्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि घरी आणून बघते तर दोन फळ्यांमध्ये बोटभर फट.

दिवेलागणीला मी मागचं दार लावायची, पुढचं सताड उघडायची, देवापुढे दिवा ठेवायची आणि ह्यांच्यासमोर पुस्तक घेऊन बसायची. आतल्या खोलीत आमची मालिनी पडून असायची. चोपन्न सालची ही गोष्ट. मालिनी बाळंतपणाला आली होती, सातवा सरत आला होता. पहिल्या खेपेला ठाण्याच्या सासूने पाठवलीच नाही, आणि ते बाळ रडलंसुद्धा नाही. ह्या वेळी मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. लेक आणि तिचं बाळ, दोघं धडधाकट परत पाठवायची, दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. लेख गेला चुलीत.

२

पण लेखाने हळूहळू घर व्यापलं. जेवताना दार, झोपताना दार. अभंगात भक्त देवाच्या दाराशी उभा. लावणीत तो रात्री दाराशी उभा. बखरीत फौजा किल्ल्याच्या दाराशी. गवळणीत, कादंबरीत, जात्यावरच्या ओवीत, जिथे बघाल तिथे कुणीतरी दाराबाहेर उभं आणि तोंडात एकच, दार उघड. मी वाचायची, हे ऐकायचे, मध्येच मान हलवायचे.

एके दिवशी म्हणाले, "अगं, तुझ्या लक्षात आलं का? सगळे बाहेरून बोलतात. आतलं कुणी बोलतच नाही."

"आतली माणसं चूल फुंकत असतील. त्यांना कुठला वेळ?" मी म्हटलं.

"थट्टा नको. इतकी वर्षं इतके जण हाका मारतायत. आतून एकाने तरी ओ द्यावी की नाही?"

"नाटकात देतात की. दार वाजतं, आतली बाई म्हणते, आले आले."

"ती आत कुठे असते? ती प्रेक्षकांसमोर असते. दाराच्या आत, आपल्याला न दिसणारं जे कोणी आहे, त्याचं एक वाक्य मला हवंय. एकच."

तेवढ्यात आतल्या खोलीतून मालिनी म्हणाली, "अण्णा, आतलं माणूस घाबरलेलं असेल हो."

आम्ही दोघं हसलो. मालिनी मात्र हसली नाही. मी उठून तिला दूध दिलं, पाय चेपले. पोट चांगलं गोल दिसत होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

३

बदलापूरच्या हेंद्रेपाड्याची बनूबाई आमच्याकडे तांदूळ आणि वाल घेऊन यायची. ह्यांनी तिच्यापुढेही दार काढलं. ती म्हणाली, "आमच्याकडं पोरीचं लगीन हाय, हळद दळाला बायका बसतील, तवा या ऐकाला." झालं, ह्यांना पंख फुटले. मालिनीला शेजारणीच्या हवाली करून आम्ही दोघं बदलापूरला गेलो. स्टेशनपासून टांगा, पुढे बांधाबांधाने चालत. हे माझा खांदा धरून.

ओटीवर जातं मांडलं होतं, खुंट्याला सुपारी बांधलेली. बनूबाई आणि तिची भावजय समोरासमोर बसून दळत होत्या, हात पिवळे झालेले. गळा दोघींचाही गोड नव्हता, पण ओवी कशी आपसूक निघत होती. देव झाले, भाऊ झाला, मांडव झाला. मग ही आली:

आईच्या दाराशी, लेक सांजची आली गं
दार उघड माये, वाट काळोखी झाली गं

आणि दोघी गप्प झाल्या. जातं घरघरत राहिलं. एक ओवी म्हणायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ त्या खाली मान घालून नुसत्या दळत राहिल्या. मग दोघींनी एकदम सूर लावला:

दार उघडलं बाई, लेक पाऊल टाकी आत
दिवा लागंना बाई, माय दिसंना घरात

ह्यांनी माझा खांदा दाबला. ओव्या संपेपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग विचारलं, "बनूबाई, मधे एक ओवी गाळलीत ना?"

"गाळली नाय. ती आतलीची जागा."

"म्हणजे?"

"आतलीनं बोलाची जागा. आमी नाय बोलत तिथं."

"मग कोण बोलतं?"

बनूबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "आमाला काय म्हाईत? आमी जातां थांबवतच नाय."

भावजय हसली. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. सासूने केलं, आपण करायचं. मला मात्र त्या ओटीवर, एवढ्या माणसांत बसून, एकदम घरची आठवण झाली. म्हटलं, चला लवकर, मालू एकटी आहे.

४

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हे म्हणाले, "ती ओवी म्हण. जशी त्यांनी म्हटली तशीच. मधली जागा सोडायची."

"अहो, जागा कसली म्हणायची?"

"तेवढा वेळ गप्प बसायचं. जे जसं आहे तसं घ्यायला पाहिजे, नाहीतर ते संशोधन कसलं?"

आमच्याकडेही जातं होतं, स्वयंपाकघरात कोपऱ्यात पालथं पडलेलं. गिरणी आल्यापासून कोण दळतंय? त्याची आठवण ना त्यांना झाली, ना मला. शिकलेली माणसं आम्ही. शब्द घेतले, जागा घेतली, आणि जातं तिकडेच ठेवून आलो.

मी ओवी म्हटली आणि थांबले. हे मांडीवर बोटाने ताल धरून बसले. घर इतकं शांत झालं की समईची वात तडतडलेली ऐकू आली. आणि मग श्वास ऐकू आला. बोलण्याआधी माणूस आत घेतं ना, तसा. आतल्या खोलीतून.

"मालू?" मी हाक मारली.

"काय गं आई?" आवाज पुढच्या ओसरीवरून आला. पोरगी वारा खायला बाहेर जाऊन बसली होती.

दिवा घेऊन आत गेले. खाट, ट्रंक, दांडीवरची लुगडी, बस. मांजर असेल, मी स्वतःला सांगितलं. घरात मांजर नव्हतं, पण शेजाऱ्यांचं होतं, आणि मांजराला काय, कुठूनही येतं. हे मात्र लहान पोरासारखे खुलले होते. "ऐकलंस? शब्द नव्हता, पण शब्द येणार होता! पुन्हा म्हण."

"मेले तरी म्हणणार नाही," मी म्हटलं.

मी म्हटली नाही. पण ओवी ह्यांना पाठ झाली होती. मी विहिरीवर गेले, बाजारात गेले, की हे आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची ओढून बसायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, थांबायचे, पुन्हा म्हणायचे. हे मला कळलं कसं, तर एकदा भाजी घेऊन लवकर परतले तेव्हा. हे दाराबाहेर कान लावून बसलेले, आणि आत मालिनी खाटेवर, भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून. बिघडलेल्या रेडिओसमोर बसावं तशी एकाग्र.

"काय करतेस गं अशी?"

"अण्णा थांबले की ती बोलते," मालिनी म्हणाली. "अण्णांना नीट ऐकू जात नाही. मला जातं."

"कोण ती?"

"आतली."

मी तिचा हात धरला. गार पडला होता. "काय बोलते?"

"म्हणते, किती वर्षं सगळे दार उघड म्हणतायत. तुझा झाला का बाहेरचा कंटाळा? येतेस का माझ्या जागी?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काही उत्तर नाही दिलं, आई. खरंच नाही दिलं."

त्या दिवशी मी नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुमची पुस्तकं विहिरीत टाकीन, लाज नाही वाटत, लेक अवघडलेली आणि तुम्हाला शब्द सुचतायत? गरोदर बायकांना काहीबाही भास होतात, हे मला ठाऊक होतं. मला तेच म्हणायचं होतं, तिच्या डोक्यात भलतं भरवू नका. हे खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चुकलो. पुन्हा नाही म्हणणार." मी मालिनीची खाट पुढच्या खोलीत आणली. ओवी बंद झाली. मालिनी जेवायला लागली, हसायला लागली. मला वाटलं, टळलं.

५

कळा सकाळी सुरू झाल्या. सगुणाबाई सुईण आली, मोठ्या हाताची, धीराची बाई, अर्ध्या अंबरनाथची पोरं तिने हातावर घेतलेली. ती म्हणाली, "पुढच्या खोलीत कसं जमेल? रस्ता समोर. आतल्या खोलीत न्या, वारा नको, नजर नको." मी म्हटलं, ती खोली नको. ती म्हणाली, का हो माई? आता हिला काय सांगू? मालिनीच म्हणाली, "चल आई, काही होत नाही." तिला उभंसुद्धा राहवत नव्हतं.

ऊन उतरलं तरी बाळ पुढे सरकेना. सगुणाबाईच्या कपाळावर घाम आला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अडलीय. घरातलं सगळं उघडा. दारं, ट्रंका, डबे, सगळं. काही बंद ठेवू नका."

ही रीत मलाही माहीत होती. मी मालिनीचा अंबाडा सोडला, ट्रंकेचं कुलूप काढलं, मग धावत स्वयंपाकघरात गेले. डब्यांची झाकणं काढली, मागचं दार उघडलं, कपाट उघडलं. सगुणाबाई चुलीवरचं पाणी उतरवायला माझ्या मागोमाग आली. किती वेळ गेला असेल? पातेलं उतरवायला लागतो तेवढा. आणि मधल्या खोलीतून कडी घातल्याचा आवाज आला.

आतल्या खोलीचं दार लागलेलं होतं. त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती, होती ती आतून.

"मालू!" मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "मालू, दार उघड! दार उघड गं बाळा!"

म्हणता म्हणता मला समजलं, मी कुठे उभी आहे ते. इतके महिने मी वाचून दाखवलेली सगळी माणसं जिथे उभी होती, तिथेच. हे भिंत चाचपत आले आणि माझं मनगट धरून म्हणाले, "थांब. आता थांब. तिला बोलू दे."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. पण नुसती भीती नव्हती, आणि ते मी त्यांना कधी माफ केलेलं नाही. मी हात हिसडला आणि फटीला डोळा लावला.

आत समई जळत होती. मालिनी खाटेवर नव्हती. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, केस मोकळे, बसली होती. एका हाताने तिने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. दुसऱ्या हाताने मला खूण करत होती, नको, नको, हाक मारू नको. डोळे माझ्यावर. पोरीचे डोळे मी ओळखते.

आणि दाराच्या अगदी आतून, माझ्या कानाशी, मालिनीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "उघडते हं, आई."

कडी निघाली.

६

दारात मालिनी उभी होती. लुगड्यात गुंडाळलेलं बाळ तिच्या हातात. मुलगा होता, गोरापान, आणि आम्हाला बघून टाहो फोडून रडला. तिच्यामागे खोली रिकामी होती. कोपरा रिकामा होता. मी बघितलं. सगुणाबाईनेही बघितलं.

"नाळ?" सगुणाबाई पुटपुटली. तिने बाळाला घेतलं, उघडून पाहिलं. नाळ कापलेली होती, दोऱ्याने नीट बांधलेली. सगुणाबाईने बाळ माझ्या हातात दिलं आणि चपला घातल्या. तिच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

बारसं थाटात झालं. ठाण्याहून सासू आली, नातू बघून रडली. हे म्हणाले, "अडलेली बाई सुटली, तुला भोवळ आली होती, तू काहीतरी भलतंच पाहिलंस." असेल. मला पटवून घ्यायला किती आवडलं असतं! नातू गुणी आहे. मालिनी गुणी आहे. सासूला उलट बोलत नाही, कामाला वाघ आहे. माहेरी येते तेव्हा फक्त एक करते. दार लोटलेलं असलं तर हाक मारत नाही. कडी वाजवत नाही. कुणीतरी उघडेपर्यंत बाहेर तशीच उभी राहते, हसऱ्या चेहऱ्याने, कितीही वेळ. तिला जवळ घेताना माझे हात आखडतात. माझ्या पोटची पोर ती, आणि मला तिची भीती वाटते.

बाळाला घेऊन ती सासरी गेली त्याच संध्याकाळी आतल्या खोलीतून हाक आली.

"आई, दार उघड ना गं."

खोलीचं दार उघडंच होतं. मी समोर बसून गहू निवडत होते. ह्यांनीही ऐकलं, कारण त्यांच्या हातातला पेला पडला. त्यांनी मग लेख पुन्हा कधी काढला नाही. त्यांना हवं ते वाक्य मिळालं होतं.

आता हे दिवेलागण झाली की मला म्हणतात, "जातं मांड. दळत बस. ऐकू येणार नाही." म्हणताना रडतात. मी त्यांना एकदाच सांगितलं, "माझ्या लेकीचा आवाज आहे तो. मी का बुडवू?"

महिन्याभरात मी सुतार बोलावून ते दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. आता तिथे नुसती चौकट आहे. संध्याकाळी मी चौकटीत बसते, आत हात घालून. सांगते, "मालू, दारच नाही गं आता. मी इथे आहे. ये, ये बाळा."

मग जरा वेळ शांत असतं.

"आई, दार उघड ना," ती म्हणते. गेल्या दिवाळीपर्यंत खोलीतून म्हणायची. आता आवाज भिंतीच्याही पलीकडून येतो, कुठून तरी आतून, आणि काल तर मला नीटसा ऐकूच आला नाही.